कॅफेवाल्यांचं थिएटर: बिंगाराच्या रॉक्सीची गोष्ट

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या उत्तर भागात ग्वायडर नदीच्या काठी बिंगारा नावाचं गाव आहे. वस्ती दोन हजारांच्या आत. मुख्य रस्ता एकच, मेटलंड स्ट्रीट. दोन्ही बाजूंना बैठी दुकानं, पुढे पत्र्याचे छज्जे, आणि मध्येच आर्ट डेको घाटाचं, म्हणजे १९२०-३० च्या दशकांतल्या सरळ रेषांच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या शैलीतलं, एक भलंमोठं थिएटर. त्याला लागून कॅफे आहे. सरकारी वारसा यादीत या दोन्हींची नोंद एकत्रच आहे: ‘रॉक्सी थिएटर आणि पीटर्स ग्रीक कॅफे संकुल’.

एवढ्याशा गावात एवढं थिएटर कसं, हा प्रश्न पहिल्यांदा पाहणाऱ्याला पडतोच. ते बांधलं इमॅन्युएल अरोनी, पीटर फेरोस आणि जॉर्ज प्साल्टिस या तिघा भागीदारांनी. तिघेही ग्रीसच्या किथिरा बेटावरून आलेले, आणि दुकानाच्या पाटीवर नाव ‘पीटर्स अँड कंपनी’. २८ मार्च १९३६ ला, शनिवारी, पहिला खेळ झाला. पाच महिन्यांत भागीदारांचं दिवाळं निघालं. थिएटर मात्र त्यानंतरही बावीस वर्षं चाललं, मग चाळीसेक वर्षं पडून राहिलं, आणि आता पुन्हा चालू आहे.

हा सगळा प्रकार सिनेमाच्या वेडातून झाला असं अनेकदा सांगितलं जातं. वेड असेलही. पण गणित समजून घ्यायचं तर सुरुवात सिनेमापासून करून भागत नाही. ती स्वयंपाकघरापासून करावी लागते.

बेट, पुतण्या आणि भाड्याचं कर्ज

किथिरा हे ग्रीसच्या दक्षिण टोकाखालचं, जेमतेम २८० चौरस किलोमीटरचं डोंगराळ बेट. १८०९ ते १८६४ ते इंग्रजांच्या अमलाखाली होतं. जमीन थोडी, वाटेकरी पुष्कळ, म्हणून तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडत आली. अमेरिकेने १९२४ मध्ये कायदा करून ग्रीकांसाठी वर्षाला शंभर जणांचीच मर्यादा घातली, तेव्हा तो ओघ ऑस्ट्रेलियाकडे आणखी वळला. पण ऑस्ट्रेलियात किथिराची माणसं त्याआधीच पाय रोवून होती. अथानासिओस कोमिनो यांनी १८७८ मध्ये सिडनीच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर कालवांचं दुकान काढलं. कालवं म्हणजे शिंपल्यातला तो जीव. कोकणात खडकावरून कोयतीने काढतात तोच. तळलेले मासे आणि कालवं विकणाऱ्या अशा दुकानांतूनच पुढे ‘ग्रीक कॅफे’ तयार झाला.

पद्धत ठरलेली होती. मामा किंवा काका बोटीचं भाडं भरून बारा-चौदा वर्षांच्या पोराला बोलावून घ्यायचा. पोरगा मागच्या मोरीत भांडी घासायचा, बटाटे सोलायचा, दुकानातच झोपायचा. भाडं फिटलं की पगार सुरू, पगार साठला की भागीदारी. मग तो पुढच्या गावात आपलं दुकान काढायचा आणि तिथे आपल्या भावाला बोलवायचा. एका गावात एक, फार तर दोन कॅफे तग धरतात. तिसरा काढला तर आपल्याच माणसाच्या पोटावर पाय. म्हणून ही माणसं शहरात गर्दी करून न राहता आतल्या गावांत पसरली. मुंबई-पुण्यातलं कोपऱ्यावरचं इराण्याचं हॉटेल आठवलं तर हा साचा लगेच कळेल: परमुलखातून आलेलं एकच माणूसजाळं, भागीदारीचा धंदा, पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडं दार.

फरक एवढाच की इराण्याने आपला चहा आणि ब्रून पाव शहराला लावला. ग्रीकांनी मात्र आपलं जेवण गिऱ्हाइकासमोर आणलंच नाही. मेन्यूवर स्टेक आणि अंडी, चॉप्स, तळलेला मासा, पावाचे टोस्ट. ऑलिव्ह तेल, डाळी, रानातल्या भाज्या हे सगळं मागच्या खोलीत, घरच्यांपुरतं. यामागे चवीइतकीच भीती होती. पहिल्या महायुद्धात ग्रीसचा राजा तटस्थ राहिला म्हणून ऑस्ट्रेलियन सरकारने १९१६ मध्ये देशातल्या ग्रीकांची गुपचूप मोजदाद केली होती, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कॅलगुर्ली गावात जमावाने ग्रीकांची दुकानं फोडली. अशा हवेत पाटीवर ‘पीटर्स अँड कंपनी’ लिहिणं हा साधा शहाणपणा होता. ग्राफ्टन गावातल्या नोटारस बंधूंनी १९२६ मध्ये थिएटर बांधलं तेव्हा नाव ठेवलं ‘सॅराटन’. इंग्रजी अक्षरांत हे आडनाव उलटं वाचून पाहा.

कॅफेवाल्याला थिएटर का हवं?

गावातल्या कॅफेचा दिवस सपाट नसतो. दुपारी जेवणाची थोडी वर्दळ, बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांची झुंबड, आणि एरवी रिकामी टेबलं. खरी कमाई सिनेमाच्या रात्री. खेळाआधी लोक चॉकलेटं घेतात, मध्यंतरात थंड पेय पितात, खेळ सुटल्यावर काही जण जेवतातही. म्हणजे कॅफेचा गल्ला सिनेमावाल्याच्या हाती. त्याने खेळाचे दिवस कमी केले, मध्यंतर आखूड केलं, किंवा स्वतःच आवारात आइस्क्रीम विकायला घेतलं, की कॅफेवाला हात चोळत बसणार.

उपाय सरळ होता: मध्यंतराची घंटाच आपल्या हातात घ्यायची. थिएटर आणि कॅफे एकाच मालकाचे झाले की तिकिटावर फारसं सुटलं नाही तरी चालतं, कारण तिकीट काढून आलेला माणूस शेजारच्या दारातून कॅफेत शिरतो. शिवाय कॅफेला रोज रोख पैसा मिळतो आणि थिएटरला आठवड्यातल्या दोन-तीन रात्रीच. रोजच्या रोकडीवर आठवड्याची देणी भागतात.

म्हणूनच न्यू साउथ वेल्सच्या गावोगावी १९१५ ते १९६० च्या सुमारास शंभराहून अधिक थिएटरं कधी ना कधी ग्रीकांनी चालवली, आणि त्यांतले बहुतेक किथिराचे होते. काहींनी जुनी थिएटरं भाड्याने घेतली, काहींनी नवी बांधली. सगळ्यांत पुढे गेले निकोलस लॉरँटस. १८९० मध्ये किथिरावर जन्म, नॅरँडेरा गावातून चित्रपटधंद्याला सुरुवात, मग आसपासच्या गावांत एकेक थिएटर. जुनी गावातलं १९२९ चं ‘अथेनियम’ त्यांचंच. पुढे १९७९ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला, आणि सिडनी विद्यापीठातलं आधुनिक ग्रीकचं अध्यासन त्यांच्या देणगीतून उभं राहिलं.

लॉरँटस यांच्या आणि बिंगाराच्या भागीदारांच्या हिशोबात एक मोठा फरक आहे. तो पुढे येईल.

भिंती, छत आणि साचा

‘रॉक्सी’ हे नाव न्यूयॉर्कचं. तिथे सॅम्युएल ‘रॉक्सी’ रॉथाफेल यांच्या टोपणनावाचं अवाढव्य थिएटर १९२७ मध्ये उघडलं आणि मग जगभर रॉक्सींचं पीक आलं. मुंबईतही एक रॉक्सी होतंच. नाव अमेरिकेचं घ्यायचं, सोडा फाउंटन, म्हणजे फेसाळत्या पेयांचं यंत्र, अमेरिकेचं बसवायचं, कॅफेला ‘नायगारा’ किंवा ‘कॅलिफोर्निया’ म्हणायचं, ही ग्रीक कॅफेवाल्यांची रीतच होती. ग्रीक म्हणून मान मिळत नसेल तर आधुनिक म्हणून मिळवायचा.

आर्ट डेको शैली या कामाला सोयीची होती, कारण ती दिसायला महाग आणि करायला स्वस्त. कोरीव दगड नको, नक्षीदार लाकूड नको. ऑस्ट्रेलियात तेव्हा तंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टरचे पत्रे सर्रास वापरत. जिप्समचं ओलं प्लास्टर साच्यात ओतायचं, त्यात सिसलचा, म्हणजे घायपातीसारख्या झाडाच्या पानांचा, धागा दाबायचा, सुकलं की पत्रा काढून लाकडी सांगाड्याला ठोकायचा. एकाच साच्यातून पायऱ्यापायऱ्यांच्या पट्ट्या, किरणांसारख्या रेषा, पानांच्या झालरी पाहिजे तितक्या निघतात. मागे रंगीत दिवे लपवले की साध्या भिंतीचा महाल होतो.

या प्लास्टरचा शत्रू म्हणजे पाणी. वर पन्हळी पत्र्याचं छत. एक खिळा सैल झाला तरी पाण्याची धार थेट प्लास्टरच्या पाठीवर. जिप्सम ओलं झालं की मऊ पडतं, धागा कुजतो, आणि एक दिवस प्लास्टरचा अख्खा पत्रा खुर्च्यांवर येतो. पत्र्याच्या छताचा दुसरा ताप उन्हाळ्यात. दिवसभर तापलेलं छत रात्री खेळाच्या वेळीही आग ओकत असतं. म्हणून या भागात उघड्या आवारातले, कापडी खुर्च्यांचे उन्हाळी सिनेमे चालत. बंदिस्त थिएटरवाल्याला हिवाळ्यात फायदा आणि डिसेंबर-जानेवारीत तोटा.

आवाजाचा प्रश्न वेगळाच. ऑस्ट्रेलियात बोलपट आला डिसेंबर १९२८ मध्ये, सिडनीत. मूकपटाच्या काळात बांधलेल्या सभागृहांत बोलपट लावला की शब्द घुमायचे, कारण कडक प्लास्टर आवाज शोषत नाही, परतवतं. मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज मूळ आवाजाच्या साधारण एक विसांश सेकंदाहून जास्त मागे पडला की कानाला तो वेगळा ऐकू येऊ लागतो. यावर इलाज म्हणजे मागच्या भिंतीला जाड पडदे, जमिनीवर जाजम, छताला एकसलग घुमट न ठेवता तुटक पायऱ्या. आर्ट डेकोच्या त्या पायऱ्यांचा इथे फुकटात उपयोग झाला. सगळ्यांत चांगलं शोषण मात्र माणसांच्या कपड्यांनी होतं. भरलेल्या थिएटरात संवाद स्वच्छ ऐकू यायचे; रिकाम्यात, म्हणजे जेव्हा मालक आधीच रडकुंडीला आलेला असायचा तेव्हा, ते घुमायचे.

बोलपटाची यंत्रंही महाग. अमेरिकन कंपन्या आपला संच भाडेकराराने आणि वरून देखभालीचा नियमित आकार लावून देत. सिडनीच्या रेमंड ऑलसॉप यांनी १९२९ मध्ये ‘रेकोफोन’ हा देशी संच बाजारात आणला. तो बराच स्वस्त असल्यामुळे लहान गावांतल्या अनेक थिएटरांना आवाज मिळाला.

केबिनमध्ये काय चालायचं

३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी. बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी पळतो, म्हणजे मिनिटाला १,४४० चौकटी, म्हणजेच ९० फूट. मोठं रीळ २,००० फुटांचं. ते साधारण २२ मिनिटांत संपतं. रॉक्सीच्या पहिल्या खेळाला ‘रॉबर्टा’ हा फ्रेड अ‍ॅस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांचा चित्रपट होता, लांबी पावणेदोन तासांच्या आसपास. म्हणजे साडेनऊ हजार फूट फिल्म, पाच रिळं.

म्हणूनच केबिनमध्ये प्रोजेक्टर दोन लागतात. पहिल्यावर रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचं भरून ठेवायचं. रीळ संपायला सुमारे आठ सेकंद उरली की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका झळकतो. ऑपरेटरने दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची. शेवटच्या सेकंदाला दुसरा ठिपका. त्या क्षणी एकाची झडप बंद, दुसऱ्याची उघडी, आणि आवाजाची कळही त्याच वेळी फिरवायची. हे जमलं तर प्रेक्षकाला काही कळत नाही. ठिपका चुकला तर पांढरा पडदा, आणि मग शिट्ट्या. शिट्ट्यांना भाषांतर लागत नाही.

उजेडासाठी कार्बनचा आर्क. दोन कार्बनच्या कांड्यांची टोकं एकमेकांना लावून थोडी दूर करायची, की मध्ये विजेचा झगझगीत लोळ उभा राहतो. कांड्या जळत जातात आणि अंतर वाढत जातं, म्हणून त्या सतत पुढे सरकवाव्या लागतात. कुठे हाताने, कुठे छोट्या मोटरने. अंतर वाढलं की पडद्यावरचा उजेड मंद होऊन रंग बदलतो, कांडी वाकडी जळली की एका कोपऱ्यात सावली येते. आर्कला एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. गावाची वीज उलटसुलट वाहणारी असेल तर रेक्टिफायर किंवा मोटर-जनरेटर बसवावा लागे. लहान गावातल्या थिएटरच्या खर्चात ही एक बाब हमखास विसरली जाई.

सगळ्यांत धोक्याची वस्तू म्हणजे फिल्मच. १९५० च्या आसपासपर्यंत ती नायट्रेटची असे. नायट्रेट एकदा पेटलं की जळण्यासाठी लागणारा प्राणवायू स्वतःच पुरवतं. पाणी ओतून ते विझत नाही. फिल्म झरोक्यासमोरून पळत असेपर्यंत एका चौकटीवर आर्कची आच क्षणभरच पडते. ती अडकली, तर तीच चौकट काही क्षणांत पेट घेते. म्हणून यंत्रात अशी झडप असते की वेग मंदावला की ती आपोआप पडून उजेड अडवते. केबिनच्या भिंती न जळणाऱ्या, प्रेक्षकांकडच्या झरोक्यांवर पोलादी पडदे, आणि ते पडदे वितळणाऱ्या धातूच्या कडीला टांगलेले. आग लागली की कडी वितळते आणि पडदे खाली कोसळतात. केबिनमधला माणूस बाहेरच्या दाराने पळतो, धूर वरच्या धुराड्यातून जातो, आणि सभागृहात चेंगराचेंगरी होत नाही. न्यू साउथ वेल्समध्ये १९०८ पासून थिएटरं आणि सार्वजनिक सभागृहांसाठी परवान्याचा कायदा होता. बाहेर पडण्याची दारं, खुर्च्यांमधल्या वाटा आणि केबिन यांची तपासणी झाल्याशिवाय खेळ लावता येत नसे.

पेटी येते, पेटी जाते

सिनेमा विकत मिळत नाही, भाड्याने मिळतो. सिडनीतल्या वितरकांच्या गोदामातून पत्र्याच्या पेट्यांतून रिळं निघायची. रेल्वेने, जिथे रेल्वे नाही तिथे पुढे मोटारीने. खेळ संपला की उलटी गुंडाळून, तुटलेले जोड चिकटवून पेटी पुढच्या गावाला रवाना. पेटी उशिरा आली तर त्या रात्रीचा धंदा बुडाला, आणि भाडं मात्र बहुधा चुकत नाही.

शहरातल्या थिएटरात एक चित्रपट कित्येक आठवडे चालतो, कारण प्रेक्षक बदलत राहतात. गावात तेच तेच लोक. ज्याला पाहायचं तो पहिल्या-दुसऱ्या रात्री पाहून जातो. म्हणून आठवड्यात दोनदा-तीनदा कार्यक्रम बदलावा लागे. एका कार्यक्रमात दोन चित्रपट, बातमीपट, एखादं कार्टून. आठवड्याला दोन बदल धरले तरी वर्षाला शंभरावर कार्यक्रम, म्हणजे दोनशे चित्रपट. एवढे चांगले चित्रपट कोणत्याही वर्षी निघत नाहीत, आणि वितरकाला हे पक्कं ठाऊक. तो गठ्ठा विकायचा: मोठ्या नटांचे चार हवेत, तर हे बाकीचे वीसही घ्या.

इथे लॉरँटस यांचा फरक कामाला येतो. पाच-सहा गावांत थिएटरं असली की एकच पेटी सोमवारी एका गावात, बुधवारी दुसऱ्यात, शनिवारी तिसऱ्यात फिरवता येते; वितरकाशी घासाघीस करता येते; एका गावाचा तोटा दुसऱ्यात भरून निघतो. बिंगाराच्या भागीदारांकडे गाव एकच होतं.

पंधरा मिनिटांची लढाई

मध्यंतर. दिवे लागतात, दोन-चारशे माणसं एकदम उठतात, आणि कॅफेच्या काउंटरला पंधरा-वीस मिनिटं मिळतात. रात्रीचा नफा इथेच ठरतो.

सोडा फाउंटन हे त्या काउंटरचं काळीज. आत थंड पाण्यात दाबाखाली कार्बन डायऑक्साइड वायू मिसळतात; नळ उघडला की फेसाळतं पाणी, त्यावर सिरप, वर आइस्क्रीमचा गोळा. सगळी मेख पाण्याच्या थंडीत आहे. बर्फाइतक्या थंड पाण्यात जेवढा वायू विरघळतो, त्याच्या निम्माच वीस अंश सेल्सियसच्या पाण्यात राहतो. उन्हाळ्याच्या रात्री गर्दीत भराभर ग्लास भरताना आत नवं, कोमट पाणी येत राहतं, ते थंड व्हायला वेळ मिळत नाही, आणि शेवटच्या गिऱ्हाइकाच्या हाती गोड, मिळमिळीत पाणी पडतं. म्हणून जाणता कॅफेवाला मध्यंतराआधी तासभर फाउंटनला हात लावू देत नसे. ग्लासात सिरप आधीच मोजून ठेवलेलं, आइस्क्रीमचे गोळे काढून थंड पेटीत, मिल्कशेकचे धातूचे पेले ओळीने मांडलेले. मिल्कशेकची तर लाटच आली होती: सिडनीच्या मार्टिन प्लेसमध्ये मिक अ‍ॅडम्स, मूळचे योआकिम ताव्लारिदिस, यांनी नोव्हेंबर १९३२ मध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’ मिल्क बार उघडला होता. बसायला जागा नाही, उभ्याने प्या आणि चला. मध्यंतरासाठी याहून सोयीचं पेय कोणतं?

केबिन आणि काउंटर यांचा मेळही लागतो. चांगला मालक ऑपरेटरला विचारून ठेवतो की पहिला चित्रपट नेमका किती वाजता संपणार, आणि काउंटर अजून फुललेला असेल तर दुसरा भाग दोन मिनिटं उशिरा सुरू होतो. दुसऱ्याच्या थिएटरशेजारी कॅफे टाकलेल्याला ही दोन मिनिटं कधीच मिळत नाहीत.

मग पाच महिन्यांत दिवाळं का?

गणित बरोबर होतं, मग चुकलं कुठे? बिंगारात चित्रपट दाखवणारा दुसरा माणूस आधीपासून होता. तिघांनी थिएटर काढायचं ठरवल्यावर त्याने माघार घेतली नाही, चुरस सुरू झाली. आता वरचे सगळे आकडे या चुरशीत ठेवून पाहा. थिएटरचा खर्च जवळजवळ सगळा ठरीव: कर्जाचं व्याज, ऑपरेटरचा पगार, वीज, कार्बन, फिल्मचं भाडं. दहा माणसं आली काय आणि तीनशे आली काय, खर्च तोच. रिकामी राहिलेली खुर्ची उद्या विकता येत नाही; नासलेल्या दुधासारखी ती त्याच रात्री गेली. गावाचे प्रेक्षक दोन ठिकाणी वाटले गेले की दोघांचाही खर्च पूर्ण आणि उत्पन्न अर्धं. वर दोघे एकाच वितरकाच्या दारात उभे, म्हणजे भाव वितरक ठरवणार.

भर म्हणून काळ १९३० च्या जागतिक मंदीनंतरचा. लोकर आणि गव्हाच्या भावावर जगणाऱ्या गावात शेतकऱ्याच्या हाती पैसा हंगामाला येतो, बँकेचा हप्ता मात्र महिन्याला. कॅफेच्या रोजच्या रोकडीवर बँकेचे हप्ते आणि बांधकामाची देणी असा दुहेरी बोजा पडला. ऑगस्ट १९३६ मध्ये भागीदारी बुडाली. आमच्या मते चूक थिएटर बांधण्यात नव्हती. एका कॅफेच्या गल्ल्यावर इतकं मोठं थिएटर, तेही स्पर्धक जागचा हललेला नसताना, एवढीच चूक होती; पण एवढीच पुरे होते. ग्राफ्टनच्या नोटारसांचं सॅराटन टिकलं ते मोठ्या गावात होतं म्हणूनही.

दोरीच्या पलीकडे

गावच्या थिएटरबद्दल लिहिताना एक गोष्ट गाळली जाते. न्यू साउथ वेल्सच्या अनेक गावांत आदिवासी प्रेक्षकांना वेगळं बसवत. सहसा अगदी पुढे, पडद्याला नाक लागेल अशा रांगांत, कुठे दोरी बांधून, कुठे वेगळ्या दारातून आणून. १९६५ मध्ये सिडनी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या ‘फ्रीडम राइड’ने अशा भेदावर बोट ठेवलं, तेव्हा बाउराव्हिल गावच्या थिएटरातली वेगळी बसण्याची व्यवस्थाही चर्चेत आली. ग्रीक मालक स्वतः परके, नाव बदलून जगणारे; पण गावाचा रिवाज मोडला तर गोरं गिऱ्हाईक तुटेल ही भीती त्यांनाही होतीच. काहींनी रिवाज पाळला, काहींनी काउंटरवर तरी तो सैल केला. एका वाक्यात सगळ्यांना चांगलं किंवा वाईट ठरवता येत नाही.

बंद दार, आणि पुन्हा उघडलेलं

रॉक्सीतले नियमित खेळ १९५८ मध्ये थांबले. सगळा दोष टीव्हीला देण्याची पद्धत आहे, पण तारखा जुळत नाहीत. सिडनीत टीव्ही आला सप्टेंबर १९५६ मध्ये. या उत्तर भागासाठी टॅमवर्थहून प्रसारण सुरू झालं थेट १९६५ मध्ये. त्याआधीच लहान गावांचं कंबरडं मोडलं होतं. घरोघरी मोटार आली आणि लोक मोठ्या गावाला जाऊ लागले. १९५३ मध्ये सिनेमास्कोप आला. जुना पडदा उंचीच्या सव्वापट-दीडपट रुंद, नवा जवळजवळ अडीचपट. नवी भिंगं आली, नवा पडदा आला, आणि मंचाची चौकटच अरुंद असेल तर चित्र रुंद करायला जागा नाही. मग ते उंचीला कमी करून दाखवायचं. रुंद पडदा म्हणून जाहिरात, आणि प्रत्यक्षात चिंचोळी पट्टी.

चाळीसेक वर्षं इमारत अधूनमधून एखाद्या कार्यक्रमापुरती उघडत राहिली. हेच तिच्या पथ्यावर पडलं. भर शहरात असती तर तिचे दोन मजले करून दुकानं निघाली असती. बिंगारात कोणाला तेवढी घाईच नव्हती. १९९९ मध्ये गावच्या कौन्सिलने ती विकत घेतली, सरकारी अनुदानं मिळवली, आणि २००४ मध्ये थिएटर पुन्हा उघडलं. मग शेजारचा कॅफेही मूळ रूपात आणला गेला, आणि २०१४ मध्ये तिथे ऑस्ट्रेलियातल्या ग्रीक कॅफेंचं संग्रहालय सुरू झालं.

अशी इमारत हाती घ्यायची झाली तर कामाचा क्रम ठरलेला आहे, आणि तो उलटा केला की पैसा पाण्यात जातो. आधी छत आणि पन्हळी, कारण वरून गळत असताना खाली प्लास्टर दुरुस्त करणं म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी भरणं. मग जमिनीखाली वाळवी शोधायची. ऑस्ट्रेलियातली वाळवी तुळई आतून पोखरते आणि वरचा रंग शाबूत ठेवते, म्हणून टोचून पाहावं लागतं, डोळ्यांवर विसंबता येत नाही. मग वीज: कापडी वेष्टणाच्या जुन्या तारा सरसकट काढायच्या. प्लास्टर त्यानंतर. शाबूत राहिलेल्या तुकड्यावरून नवा साचा घेऊन हरवलेले तुकडे ओतता येतात, म्हणून पडलेलं प्लास्टर फेकून देऊ नये. रंग सगळ्यांत शेवटी, आणि तोही अंदाजाने नाही; जुने थर चाकूच्या टोकाने एकेक खरवडून तळाचा रंग पाहायचा.

केबिनचं मात्र काही करता येत नाही. चित्रपट आता पेटीतून नाही, हार्ड डिस्कवरून येतो. दोन यंत्रं, कार्बन, ठिपके, सगळं गेलं. कॅफेत अजूनही काउंटर आहे, आरसे आहेत, लाकडी बाकांचे कप्पे आहेत, आणि ज्या पाटीवर तिघांनी आपलं ग्रीकपण झाकलं, त्या दुकानाचं नाव आज वारसा यादीत ‘पीटर्स ग्रीक कॅफे’ असं लिहिलेलं आहे.